दहा खाटा आणि धाग्यांची फळी

रेवसच्या धक्क्यावर लाँचमधून उतरताना तांडेलानं मला सहज विचारलं होतं, पोहता येतं का म्हणून. मी म्हणालो, कृष्णेचा पूर या काठावरून त्या काठाला पार केलेला माणूस आहे मी, पाण्याचं मला काय सांगता. पूर मी पार केला होता हे खरं, पण गुळाच्या काहिलीत बसून, दोन्ही हातांनी काठ धरून आणि डोळे मिटून. तेवढा तपशील मी गाळला. माझं हे वाक्य माझ्या ट्रंकेच्या आधी गावात पोचलं, आणि त्यानंतर पाण्याबद्दल मला शहाणपण शिकवायच्या फंदात कुणी पडलं नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ थोडंबहुत तिथं आहे.

मी घाटावरचा. गणितात बरा आणि बाकी सगळ्यात बेताचा, म्हणून खाडीकाठच्या एका धर्मादाय दवाखान्यात कारकून झालो. दवाखाना एका व्यापारी घराण्यानं बांधून दिलेला. एकच लांब दालन, त्यात दहा खाटा. बायका आल्या की कोपऱ्यात पडदा ओढायचा. डॉक्टर वऱ्हाडातले. लढाईत पलटणीबरोबर बाहेरदेशी जाऊन आलेले, आणि माझ्या आधी थोडेच दिवस इथं रुजू झालेले. म्हणजे खाडीच्या बाबतीत आम्ही दोघंही सारखेच कोरडे. फरक इतकाच, की ते कमी बोलत.

मार्गशीर्षात एक बाई आली. मिठागरात काम करणारी, तिशीच्या आतबाहेरची. नवऱ्यानं तिला होडीतून उचलून पायरीवर आणून बसवलं. पायाला कालवाची शिंपी लागली होती, त्यावर खारट पाणी आणि चिखल, पाय घोट्यापर्यंत सुजलेला. डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, हिला खाट हवी. खाट नव्हती. दहाही भरलेल्या. त्यांतल्या चार खाटांवर अंतर्गळाची शस्त्रक्रिया होऊन बरे झालेले चार गडी मांडी घालून पत्ते खेळत होते. डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि चार दिवसांनी खाट मोकळी होईल, तेव्हा ये म्हणून सांगितलं. नवरा हो म्हणाला.

तो तिला घेऊन आला पंधरवड्यानं. तोवर पाय काळानिळा पडायला लागला होता.

डॉक्टर त्याच्यावर संतापले. चार दिवस सांगितले तर चार म्हणजे किती ते कळत नाही का, वगैरे. तो मान खाली घालून म्हणाला, "होडी न्हवती." आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. होड्या तर धक्क्याला डझनावारी बांधलेल्या दिसत. डॉक्टरांनी तिला पडद्याआडच्या, नुकत्या मोकळ्या झालेल्या खाटेवर घेऊन जखम उघडली, आतलं पाहिलं आणि हात धुता धुता मला म्हणाले, तेव्हा खाट असती तर थोडक्यात भागलं असतं, आता पाय राहील की नाही सांगता येत नाही. ते हळू बोलले, पण पडद्याला कान असतात हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

त्या दिवशी जेवल्यावर त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, रोग्याच्या ताप-नाडीचा आलेख आपण त्याच्या उशाशी लावतो; या दवाखान्यालाच काहीतरी झालंय, त्याचा आलेख काढा. माणसं बरी होऊनही जात का नाहीत ते मला कळलं पाहिजे.

असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. मी फुललो. आवकजावकीची वही होतीच, पण वहीत माणसं एकाखाली एक असतात, शेजारी शेजारी दिसत नाहीत. म्हणून सुताराकडून एक लांब फळी आणली, वरच्या कडेला दिवसांच्या रेघा आखल्या, आणि जाळी विणायचं सूत आणून प्रत्येक रोग्याचा एक आडवा धागा ताणला. आला त्या दिवशी एक खिळा, गेला त्या दिवशी दुसरा. अंतर्गळाला लाल रंग, तापाला पिवळा, जखमांना निळा. दसऱ्यापासूनची सगळी माणसं दोन दिवसांत फळीवर चढली. रोगी उठून बघायला येत. आपला धागा कुठला ते विचारत, आणि दुसऱ्याचा आपल्यापेक्षा लांब असला तर त्यांना जरा वाईट वाटे.

फळीनं पहिली गोष्ट अशी दाखवली, की किती दिवस राहायचं ते रोगावर फारसं अवलंबून नव्हतं. साधा ताप आलेला माणूस अंतर्गळवाल्याइतकाच राहून गेलेला. मी अर्थ काढला: इथं जेवण चांगलं मिळतं. डॉक्टरांना पटवून मी संध्याकाळचं माशाचं कालवण बंद केलं. परिणाम असा झाला, की पहिल्या चौघांच्या जागी आलेले अंतर्गळाचे दुसरे चौघं, तेही पत्तेवालेच, ओहोटीला गावच्या पोरांकडून धक्क्याखालच्या चिखलातल्या निवट्या धरवून आणू लागले, स्वयंपाक्याकडून त्या रांधून घेऊ लागले, आणि दवाखान्यात पूर्वीपेक्षा चांगलं कालवण मिळू लागलं. एका संध्याकाळी माझ्यासाठीही वाटी बाजूला ठेवली होती. मी ती खाल्ली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मी फळीकडं जरा लांबून पाहिलं, आणि अंगावर काटा आला. धाग्यांचे शेवट विस्कटलेले नव्हते. ते झुबक्या-झुबक्यांनी एका रेषेत होते. पाच-सहा माणसं तीन-चार दिवसांत गेलेली, मग दहा-अकरा दिवस कुणीच नाही, मग पुन्हा झुबका. मी पंचांग आणलं. झुबके अवस-पुनवेच्या आसपास, आणि मोकळ्या जागा अष्टमी-दशमीला.

अंधश्रद्धा! मी टाळी वाजवली. इथं कुणालाही शंका आली असती, की जी माणसं तिथी मानतात ती अवसेला घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, मग ही नेमकी अवसेलाच का निघतात? मलाही आली. पण मी तिचं समाधान करून टाकलं: घाटावरची श्रद्धा आणि किनाऱ्यावरची श्रद्धा उलट असणार, खाडीच्या कुठल्याशा देवतेचा नेम असणार. धाग्यांच्या सुरुवातीही तशाच झुबक्यांनी होत्या. तेही मी पाहिलं आणि म्हणालो, पाहा, यायलासुद्धा मुहूर्त पाहतात.

त्या चौघांना विचारलं नाही का? विचारलं की. घरी का जात नाही म्हणून मी दरडावून विचारलं, तेव्हा त्यांतला थोराड होता तो म्हणाला, जाऊ की, होडी येल तवा जाऊ. हे उडवाउडवीचं उत्तर म्हणून मी सोडून दिलं. मला उत्तर फळीकडून हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दालनाच्या मध्ये उभं राहून मी तिथीवर व्याख्यान दिलं. अष्टमीही देवानंच केलेली आहे, तीही इतर दिवसांसारखीच चांगली आहे, हे मी अनेक दाखले देऊन पटवलं. सगळे माना डोलावत होते. शेवटी थोराड गड्यानं हात जोडले. तेव्हापासून मला दवाखान्यात बुवा म्हणायला लागले, आणि मी ते मानानं घेतलं.

अष्टमीच्या सकाळी मी त्या चौघांच्या खाटा सोडवल्या. डॉक्टरांची परवानगी होतीच. त्यांच्या मते चौघं घरी जायला योग्य होते, फक्त जोर लावायचा नाही आणि चिखला-पाण्यातून चालायचं नाही, एवढीच अट. मी धक्क्यावर जाऊन होडी ठरवली. होडीवाला म्हातारा माझ्याकडं पाहत राहिला.

"आज?"

"आजच," मी म्हणालो.

"आष्टमी हाय, बुवा."

"अष्टमी आहे म्हणूनच."

त्यानं चौघांकडं पाहिलं, चौघांनी त्याच्याकडं पाहिलं, आणि त्यानं वल्हं उचललं. काम तडीला नेलेलं डोळ्यांनी बघावं म्हणून मीही होडीत बसलो. मोठ्या खाडीतून होडी छान गेली. मग त्यांच्या गावाकडं जाणाऱ्या लहान फाट्यात वळली, आणि थोड्या वेळानं तळाशी चिखल घासल्याचा आवाज आला. म्हातारा वल्हं आडवं ठेवून बिडी पेटवायला बसला. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, पानी न्हाय.

मी उतरून ढकलतो म्हणालो. कुणी नको म्हणालं नाही. कृष्णेचा पूर पार केलेल्या माणसाला नको कोण म्हणणार. मी धोतर खोचलं, नवे बूट काढायचे की नाही याचा क्षणभर विचार केला, आणि बुटांसकट मांडीपर्यंत खाली गेलो. ढकलणं दूरच राहिलं. मला वर ओढायला होडीवाल्याला माझ्या काखेत वल्हं घालावं लागलं, कारण चौघांना जोर लावायची बंदी होती. ते काठावर रेलून सूचना देत होते. एक बूट अजून तिथंच आहे.

मग आम्ही बसून राहिलो. चोहीकडं राखाडी चिखल, त्यात इवलाले खेकडे. ऊन चढलं. बसल्या बसल्या म्हाताऱ्यानं, मी विचारल्यावर, पोराला सांगावं तसं सगळं सांगितलं. अवस-पुनवेला उधाण, तेव्हा भरती चढते आणि फाटे तुडुंब भरतात. अष्टमीकडं भांग, तेव्हा पाणी येतं पण चढत नाही. आतल्या गावांना होडी जाते ती उधाणालाच. एरवी चालत जायचं, बांधावरून, आणि मध्ये उघाड्या, म्हणजे बांधाची पाणी जायची तोंडं, लागतात तिथं चिखलात उतरून. ज्याचं पोट नुकतं शिवलंय त्यानं काय करायचं? थांबायचं.

मी थोराड गड्याला म्हणालो, अहो मग आधी सांगायचं नाही का.

"तुमाला म्हाईत न्हाय असं कसं वाटंल, बुवा?" तो म्हणाला. "आमाला वाटलं, तुमची कायतरी येगळी सोय आसंल."

दिवेलागणीच्या भरतीला होडी जेमतेम सुटली, तीही पुढं नव्हे, मागं. चौघं परत येऊन आपापल्या खाटांवर बसले आणि पत्ते काढले.

डॉक्टर हसतील म्हणून मी तयारी ठेवली होती. ते हसले नाहीत. फळीपाशी जाऊन झुबक्यांवरून बोट फिरवलं, मग पडद्याकडं पाहिलं. म्हणाले, म्हणजे तिच्या नवऱ्यानं खरं तेच सांगितलं होतं.

त्यांनी मला फळीच्या खालच्या कडेला उधाण-भांगाची नागमोडी रेघ काढायला लावली. ती काढल्यावर सगळी फळी कुणीतरी दिवा लावल्यासारखी वाचता येऊ लागली. मग त्यांनी कामच उलटं लावलं. आधी माणूस आला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, सवड होईल तशी शस्त्रक्रिया होई, आणि तो बरा होई तो नेमका भांगात. आता जाण्याच्या उधाणापासून मागं मोजायचं: या जखमेला इतके दिवस लागतात, तर उधाणाच्या तितके दिवस आधी शस्त्रक्रिया करायचीच. तातडीचं नसेल त्याला एक उधाण घरीच थांबवायचं. उधाणाच्या आदल्या दिवशी फेरी मारून कोण जाणार ते सांगायचं. कागदावर पाहिलं तर एवढ्यानंच खाटा कितीतरी आधी मोकळ्या व्हायच्या होत्या, आणि पुढं त्या झाल्याही.

हे दालनात जाहीर करायचं काम अर्थातच माझ्याकडं आलं. डॉक्टरांनी सांगितलेलं वाक्य साधं होतं: ज्याला मी जा म्हणेन त्यानं उधाणाला निघायचं. मी दालनाच्या मध्ये उभा राहिलो, आणि त्या वाक्याचा पहिला तुकडा मला तालात अडखळणारा वाटला. "उधाण आलं की खाट सोडायची, दारात दुसरा उभा आहे," असं मी दोन्ही हात पसरून म्हणालो. ते फार चांगलं वठलं. पडद्याआड ती ऐकत होती.

तिचा पाय तेव्हा अधांतरी होता. डॉक्टर रोज जखम साफ करत. वास कमी झाला होता, पण सूज पोटरीकडं सरकते की उतरते ते दिवसागणिक बदलत होतं. ती ओरडत नसे. एकदा मी फळीवर तिचा निळा धागा पुढं ताणत असताना तिनं विचारलं, तो किती लांब जाणार. मी म्हणालो, तू बरी होशील तोवर. ती म्हणाली, तुमच्याकडं सूत भरपूर दिसतंय.

अवसेच्या दिवशी डॉक्टर पलीकडच्या गावी अडलेल्या बाळंतिणीकडं गेले होते. मी धक्क्यावर निघणाऱ्यांची नोंद घेत होतो. पाणी पायऱ्यांच्या वरपर्यंत आलं होतं, होड्या भरत होत्या, आणि एका होडीत ती बसलेली दिसली. पट्टी बांधलेला पाय नवऱ्याच्या मांडीवर. गाठोडं शेजारी.

मी खाली धावलो. म्हणालो, तुला कुणी सांगितलं जायला.

"तुमीच. उदान आलं की खाट सोडायची."

मी म्हणालो, ते बऱ्या झालेल्यांना. डॉक्टर परत येईपर्यंत थांब. तिनं मान हलवली. नवरा पाण्याकडं बघत होता. मी त्याला म्हणालो, अरे तू तरी समजाव. तो म्हणाला, तिचा पाय, तिनं ठरवायचं. होडीवाल्यानं सांगितलं, पानी उतराय लागलं, काय ते बोला.

मग ती माझ्याकडं बघून, आवाज न चढवता म्हणाली, "मिठागरं तुडवायला घेतलीत, बुवा. तिथं पायाबिगर मानसाला कुनी इचारत न्हाय. डाक्टर कापनार हायेत, मी आयकलंय. माजा पाय हितं ठेवून जाऊ काय?"

मिठागराचा तळ पायांनीच तुडवून बसवतात, दिवसच्या दिवस, ओळीनं उभं राहून. तळ बसला नाही तर पाणी झिरपतं आणि मीठ धरत नाही. त्यामुळं ती काय सांगत होती ते मला कळलं. कापणार नाहीत, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते मला ठाऊक नव्हतं. मी तिथीवर घटकाभर बोललेला माणूस. त्या पायरीवर मी नुसता होडीचा काठ धरून ठेवला. होडी सुटली.

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी लगेच होडी पाठवली. भरती अजून चढती होती, होडी पोचली आणि रिकामी परत आली. होडीवाल्यानं निरोप आणला, की ती येत नाही म्हणते, पाय दुखायचा थांबलाय. डॉक्टर म्हणाले, दुखायचा थांबला हेच वाईट आहे. त्यानंतर भांग लागला.

त्या आठवड्यात फळी फार सुंदर दिसत होती. सगळे नवे धागे आखूड. तिचा धागाही मी अवसेच्या खिळ्याला बांधून टाकला होता, आणि परक्या माणसानं पाहिलं असतं तर त्याला तो दवाखान्याच्या कर्तबगारीचा एक नमुना वाटला असता.

पुनवेला ती आली. तिला स्वतः बसता येत नव्हतं. ताप अंगात मावत नव्हता, आणि पोटरी लाकडासारखी. डॉक्टरांनी नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, आता पाय ठेवला तर माणूस जाईल. त्यानं तिला विचारा म्हणून सांगितलं. त्यांनी तिच्याशी बोलताना पडदा ओढला, आणि आम्हाला फक्त तिचं शेवटचं ऐकू आलं. ती म्हणाली, लवकर करा.

कंपाउंडरनं क्लोरोफॉर्म धरला. माणसं कमी म्हणून पाय धरायला मला उभं केलं. मी पडणार याबद्दल सगळ्यांची खात्री होती, माझीही होती. डॉक्टरांनी माझ्या मागं स्टूलसुद्धा ठेवायला लावलं होतं. मी पडलो नाही. गुडघ्याखाली चार बोटं सोडून तो सुटला, आणि सगळा भार माझ्या हातांत आला. पाय इतका जड असतो हे मला ठाऊक नव्हतं.

नवऱ्यानं तो मागून घेतला. धुतलेल्या धडप्यात गुंडाळून त्याच भरतीच्या होडीनं तो घेऊन गेला आणि मिठागराच्या बांधाशी पुरला. तिच्याआधी तिचा पाय घरी गेला. दोन दिवसांत, पाणी होतं तोवरच, तो परत आला आणि पायऱ्यांवर बसून राहिला.

ती वाचली हे नक्की झाल्यावर मी फळीपाशी गेलो. नियमाप्रमाणं नव्यानं आलेल्या रोग्याचा नवा धागा लावायचा असतो. मी नवं सूत तोडलं. डॉक्टर मागं उभे होते. त्यांनी ते सूत माझ्या हातातून घेतलं, तिच्या जुन्या धाग्याचं टोक खिळ्यावरून सोडवलं आणि दोन्हींची गाठ मारायला सांगितलं. मी म्हणालो, मधले पंधरा दिवस ती इथं नव्हती. ते म्हणाले, तेही धरा. घरी होती म्हणजे बरी होती असं नाही.

महिनाअखेरीस शेठ आले. दवाखाना त्यांच्याच घराण्याचा. त्यांनी फळी निरखून पाहिली, पसंत केली, दुसऱ्या गावच्या त्यांच्या दवाखान्यातही अशीच करून पाठवा म्हणाले. मग त्यांचं बोट त्या गाठीवर आलं. हा कोण, इतका लांब? मी सांगितलं. त्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. ते मऊ मनाचे गृहस्थ होते. पण थोड्या वेळानं म्हणाले, "एवढा एक काढून टाका. सगळी फळी बिघडवतोय."

डॉक्टर माझ्याकडं पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी आधी विचार केला आणि मग बोललो.

"तो काढला, शेठ, तर हे बाकीचे बरे होऊन गेले की नुसतेच गेले, ते कुणाला कळायचं?"

शेठांनी गाठीवरचं बोट काढलं. मग त्यांनी विचारलं, बाकीचे बरे होऊन गेलेत का? आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं, की तेही आम्हाला ठाऊक नाही.

त्यामुळं माझ्यामागं नवं काम लागलं. दर उधाणाला होडीत बसून आतल्या गावांत जायचं आणि मागच्या उधाणाला गेलेल्यांना भेटून यायचं. मला होडी लागते. प्रत्येक फेरीला मी निम्म्या वाटेत काठावर ओणवा असे, आणि होडीवाला म्हातारा न चुकता विचारी, की पुरात पण असंच व्हायचं काय. पण बहुतेक माणसं धडधाकट भेटली. पत्तेवाल्यांतला थोराड गडी जाळं ओढताना सापडला, त्याला मी बांधावरून ओरडून खाली बसवलं. दोघं मात्र पुन्हा आणावी लागली, आणि त्यांच्या धाग्यांनाही गाठी पडल्या. गाठी कुठं पडतात ते पाहून डॉक्टर पुढच्यांना किती ठेवायचं ते ठरवू लागले. काही धागे त्यामुळं पुन्हा लांबले.

तिला जायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले तेव्हा उधाण दोन दिवसांवर होतं. मी तिला सांगायला गेलो, अगदी हळू, हात न पसरता. ती म्हणाली, ह्या उधाणाला न्हाय. होडीनं घरी नेऊन ठेवतील, पण मग होडी येईतोवर घरातच बसावं लागेल. तिला चालत जायचं होतं.

होड्यांच्या सुतारानं तिला कुबडी करून दिली. साधी कुबडी चिखलात बुडते, म्हणून तिनं त्याच्याकडून टोकाला ताटलीएवढी लाकडी चकती बसवून घेतली, आणि ती मोठी झाली म्हणून पुन्हा लहान करून घेतली. रोज ओहोटीला ती धक्क्याखाली उतरे. पहिल्या दिवशी दोन पावलांत पडली. नवरा धावला तर त्याला तिनं बाजूला व्हायला सांगितलं. मी पायरीवर उभा असे. मी खाली उतरलो तर मला काढायला माणसं लागतील, असं तिनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं. एक उधाण गेलं, होड्या भरून गेल्या. दुसरंही गेलं. दोन रोग्यांना ओसरीवर निजवावं लागलं. तिला जा म्हणून कुणी म्हणालं नाही, आणि ओसरीवरच्यांनीही तक्रार केली नाही. ते तिचं चालणं बघत पडून असत.

ती निघाली ती नवमीला, भर भांगात, जेव्हा दवाखान्यातून कुणी जात नाही. फळीवर त्या दिवसाला खिळाच नव्हता.

मी तिच्याबरोबर बांधावरून पहिल्या उघाडीपर्यंत गेलो. तिथं बांध तुटतो आणि खाली चिखल लागतो. ती थांबली, पलीकडची जागा नजरेनं धरली आणि खाली उतरली. कुबडी पुढं, भार, मग पाय. कुबडी पुढं. मध्ये एकदा चकती रुतली. ती तशीच उभी राहिली, घाई न करता ती सोडवून घेतली. नवरा अलीकडंच उभा होता, दोन्ही हात मागं धरून. मिठागरात यंदा तिचं काय होईल ते मला ठाऊक नव्हतं. मीठ वेचायला आणि चाळायला बसता येतं, एवढं ती म्हणाली होती.

ती पलीकडं चढली, आणि श्वास घ्यायलाही न थांबता बांधावरून पुढं निघाली. तेव्हा नवऱ्यानं गाठोडं डोक्यावर घेतलं, चार ढांगांत उघाडी ओलांडली, आणि तिला गाठल्यावर तिच्या चालीनं चालू लागला.